अवगत भाषा

भाषाविज्ञान विभागाच्या फलकावर सूचना लागली होती. सातपुड्यातल्या आदिवासींच्या पावरी भाषेचा शब्दकोश करायचा होता आणि सुट्टीत काम करायला विद्यार्थी हवे होते. हॉस्टेलवर माझ्या खोलीत राहणारी सुमन ती दोनदा वाचून म्हणाली, "ही तर आमच्या घरची भाषा. हिचाही शब्दकोश होतो?"

"अर्ज कर ना," मी म्हटलं.

'अवगत भाषा' या रकान्यात ती आजवर मराठी, हिंदी, इंग्रजी एवढंच लिहायची. त्या दिवशी तिने पावरी सगळ्यात वर लिहिली. एरवी आईचा फोन आला की ती खोलीबाहेर जायची. आज माझ्यासमोरच तिने फोन लावला आणि मोकळ्या आवाजात बोलत राहिली. भाषाविज्ञान शिकायला आलेली मी, दोन वर्षं एका खोलीत राहून तिची भाषा पहिल्यांदा ऐकत होते.