अंबूबाईची दुपारची वाकळ

कस्तुरे, मी बोलती तसंच लिही. मधी सुधरू नगंस. ह्ये अंबूआत्याबाईंचं हाय, माझं न्हाई. माझं ह्यात जेवढं हाय, तेवढं लाजंचं हाय.

अंबूआत्याबाई म्हंजी तुझ्या आज्याची चुलती. खंडाळ्याकडची लेक, सांगलीपास्नं दोन कोसावर आमच्या गावात दिलेली. मानमोडीच्या तापाच्या साथीत नवरा गेला, पोटी काय न्हाई. माहेरचं न्यायला आलं तर म्हनाल्या, "हितली म्हस माझ्याबिगार धार देत न्हाई." आन् ऱ्हायल्या. तुझ्या आज्याची आई बाळंतपनात गेली तवा त्येला त्येंनीच वाढीवला. मिसरीनं दात काळंभोर. हसल्या की बारकी पोरं आदी भ्यायची, मग जी चिकटायची ती उठायची न्हाईत.

मी त्या घरात सून आले. दुसऱ्या लढाईत तुझा आजा पल्टनीत, लांब इटलीला. सालातनं दोन कार्डं यायची. कापडाचं कंट्रोल व्हतं, एका लुगड्यासाठी दिसभर रांग. आन् तुझी आई, विजू, पाच वर्साची झाली तरी बोलायची न्हाई. "आये" आन् "पानी", बास. बाया म्हनायच्या मुकी हाय. म्या देवऋषी केला, अंगारं लावलं. मला घोर एकच, ही बोलंल का न्हाई.

आत्याबाई म्हनाल्या, "मला ठिगळांची वाकळ शिवायची हाय विजूला. पोरास्नी बोलीव."

दुपारी सोप्यात जुनेराचं गठुळं सोडायच्या. विजू, शेजारच्या धोंडुबाईचा गुंडा, पलीकडच्या जैनांचा श्रेणिक, आनि दोन-तीन पोरं. पोरानं ठिगळ निवडायचं, आपल्या वितीनं मापायचं. तिकोनी ठिगळाचा चौकोन करायचा असंल तर कुठलं जोडायचं, त्ये खाली मांडून बघायचं. धा टाकं घातलं की एक चिंचोका बाजूला. पाटी न्हाई, पेन्शिल न्हाई. श्रेणिकाला साळंत पाढं येत न्हवतं, हितं चिंचोक्यावर आलं. आन् ठिगळ शिवायच्या आदी त्येची गोष्ट सांगायची. कुनाच्या अंगावरचं, कसं फाटलं, कुठं फाटलं. म्हाईत नसंल तर घरी जाऊन इचारून यायचं.

गुंडा एकदा म्हनाला, "आजी, ह्ये माझ्या बाच्या धोतराचं. कुत्र्यानं धरलं तवा फाटलं."

"कुनाच्या कुत्र्यानं?"

"पाटलाच्या. बा त्येंच्या आंब्याखाली व्हता."

"त्ये धोंडुबाईला ठाव हाय का?"

"आयेनंच सांगितलं की."

आमी हसून हसून लोळलो. आन् त्याच दिशी विजू एक लाल ठिगळ धरून म्हनाली, "बैलाची झूल." दोन शब्द. मी चुलीपाशी व्हते, भाकरी तव्यावर करपली. मग रोज एक-दोन शब्द यायला लागलं. म्हयन्याभरात तिला समद्या वाकळंची गोष्ट यायला लागली, अडखळत का हुईना. आत्याबाईंनी माझी लेक बोलती केली. ह्ये ध्येनात ठिव, कारन पुढं म्या काय केलं त्ये सांगती.

नदीवर धुनं धुताना धोंडुबाई म्हनाली, "चंद्रे, तुझा मालक लढाईवर. आन् लेकीच्या वाकळंत मधोमध पांढऱ्या कपाळाच्या बाईचं धडपं? म्या बघितलं. तुला कसं चालतं?"

बोलून ती पिळं झटकत गेली. त्याच आठवड्यात शेजारच्या गावात कुनीतरी लढाईत गेल्याची तार आली व्हती. आत्याबाई धुऊन इटल्यालं पांढरं लुगडं नेसायच्या. वाकळंच्या मधी तसंच इटल्यालं पांढरं ठिगळ व्हतं. म्या कवा इचारलं न्हवतं कुनाचं. पोरं रोज गोष्टी सांगत व्हती, मी कामाच्या नादात अर्ध्या कानानं ऐकायचे.

घरी आले. पोरं बसलेली, आत्याबाई सुईत दोरा ववत व्हत्या. म्या वाकळ वढली आन् त्ये ठिगळ टराटरा उसवून फाडलं. म्हनले, "आत्याबाई, माझ्या लेकीच्या अंगावर तुमचं धडपं नगं. आमचा मानूस लढाईवर हाय."

पोरास्नी काय कळंना.

विजू उठली. फाटकं उचलून म्हनाली, "आये, आबांचा पटका हाय."

तुझ्या आज्याचा पटका. पल्टनीत जाताना घरी ठिवून गेलेला. आत्याबाईंनी त्याचा चौकोन काढून मधोमध लावल्याला, का तर पोरीला बाप ध्येनात ऱ्हावा. मी नवऱ्याचा पटका फाडला, आन् जिनं त्येला वाढीवला तिला पोरांम्होरं अपशकुनी केलं.

आत्याबाई म्हनाल्या, "आसूं दे." वाकळ गुंडाळून फळीवर टाकली.

दुसऱ्या दिशी पोरं आली तर म्हनाल्या, "डोळं दुखत्यात रं." आठ दिस तसंच. आन् विजू गप झाली. "आये"सुद्धा म्हनंना. पानी हवं असलं की तांब्या वाजवायची.

मला माफी मागता येत न्हवती. कशी मागू? मागायची तर मनात काय व्हतं त्ये परत तोंडानं म्हनाय लागलं असतं. मी आपली त्येंच्या ताटात भाकरी जास्ती वाढायचे. त्या तेवढी काढून म्हशीला घालायच्या.

नवव्या दिशी गेले. "आत्याबाई, दुपारचं बसा की."

"वाकळ कुनाची?"

"विजूची."

"मग तिच्यासाठी बसती. तूबी बस."

पोरं जमली. आत्याबाईंनी पटक्याचं दोन तुकडं माझ्या म्होरं टाकलं, सुई दिली. श्रेणिक म्या फाडलं त्या दिशी बाच्या संगं सांगलीच्या हळद बाजारात गेल्याला, त्येला काय ठाव न्हवतं. त्यो म्हनाला, "काकू, आदी गोष्ट सांगा. कसं फाटलं?"

माझ्या तोंडातनं आलं, "उंदरानं कुरतडलं."

गुंडा माझ्याकडं बघत ऱ्हायला. आत्याबाई खाली बघून म्हनाल्या, "व्हय. लय माजल्यात उंदीर." मला झाकलं त्येंनी. ज्या बाईचं म्या कापड फाडलं असं मला वाटत व्हतं, तिनं पोरांम्होरं माझ्यासाठी खोटं सांगितलं.

तवा विजू बोलली. "आजी, खोटं. उंदीर न्हाई. आयेनं फाडलं. तुझं हाय म्हनून फाडलं."

एवढं न अडखळता ती जन्मात पयल्यांदा बोलली. ज्याच्यासाठी म्या देवास्नी नवस बोलले, त्ये माझ्या कानावर असं आलं. आनंद करू का तोंड लपवू? म्या तोंडच लपिवलं, पदरात.

आत्याबाई म्हनाल्या, "चंद्रा, पोर्गी बोलली. आता तू बोल."

म्या समदं सांगितलं. धोंडुबाईचं नाव घेतलं न्हाई, गुंडा बसला व्हता म्हनून. "तुमचं समजून फाडलं," म्हनले. "तुमच्या कपाळाला भ्याले."

"बरं," आत्याबाई म्हनाल्या. "शिव. टाकं बारीक घाल, तुझं लय मोठं पडत्यात."

तेवढंच. पुढं त्या कवा त्यावरनं बोलल्या न्हाईत. पर विजूचं तोंड थांबलं न्हाई. कुनी वाकळ बघितली की ती त्या ठिगळाची गोष्ट पयल्यापास्नं सांगायची, माझ्या नावासकट. पाव्हन्यास्नी सांगितली, तलाठ्याला सांगितली. लढाई मिटून तुझा आजा घरी आला, त्येला तर मांडीवर बसून सांगितली. मी भाकरी थापत व्हते. त्यो उठला, चुलतीच्या पायावर डोकं ठिवलं, आन् तीन दिस मला म्हनून एक शब्द बोलला न्हाई.

बोलायला पायजे व्हतं त्येनं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.