घारापुरीला नेलेले शेवटचे पाहुणे

जुईनगरला आमच्याकडे पाहुणे आले की बाबा त्यांना घारापुरीला न्यायचेच. "मुंबई काय, कोणीही दाखवील. बेट बघा," म्हणायचे. उरणपर्यंत एसटी, मोरा बंदरातून लाँच, आणि पुढचा क्रम त्यांचा ठरलेला. ऊन चढायच्या आत लेणी, तिथून वर तोफेच्या टेकडीवर, मग खाली गावात मासळीचं जेवण. महाशिवरात्रीला आलात तर जत्राही सापडेल, हेही प्रत्येकाला सांगत.

मग एका वर्षी ते रिटायर झाले. त्यानंतर एकदोनदा ते शेजारच्याच बिल्डिंगमध्ये शिरून भलत्याच घराचं दार वाजवत उभे राहिले होते. कॉलनीतल्या बिल्डिंगी सगळ्या सारख्या, म्हणून आम्ही हसून सोडून दिलं. आई मात्र हसली नव्हती.

डिसेंबरात साताऱ्याहून मामा-मामी आले. लेण्यात त्रिमूर्तीसमोर बाबा नेहमीसारखे बोलायला लागले. "हे मधलं तोंड शांत. आणि हे डावीकडचं..." तिथेच अडकले. मामी मान वर करून वाट बघत राहिली.

"दाजी, दमलाय तुम्ही. बसा जरा," मामा म्हणाला.

"मी नाही दमलो," बाबा चिडले आणि तरातरा बाहेर पडले.

आम्हाला वाटलं, टेकडीवर गेले असतील. तोफेपाशी ते नव्हते. खाली उतरणाऱ्या पायऱ्यांवर, दुकानांच्या रांगेत, कुठेच नव्हते. इकडेच परत येतील म्हणून आई पायरीवर बसून राहिली. मामी तिच्यापाशी थांबली, मामा लाँचवाल्याला थांबवायला धक्क्यावर धावला, आणि मी बेटाच्या पलीकडच्या गावाची वाट धरली.

तिथे एका घराच्या ओट्यावर बाबा बसले होते, हातात तांब्या. घरातली बाई म्हणाली, "तुमचं बाबा हाय काय? पानी दिलंय त्याना. कवापासून इचारतान, माजं घर कंचं."

मी शेजारी बसले. बाबा माझ्याकडे बघून परक्या माणसाशी हसावं तसं हसले. "पहिल्यांदाच आलात का? मग आधी लेणी बघून घ्या. ऊन वाढलं की चढवत नाही."

"बाबा, मी आहे."

ते एकदम "आई कुठाय तुझी?" म्हणाले आणि घाबरून उठले.

लाँचमध्ये आई त्यांना चिकटून बसली. चारचौघांत तिने त्यांचा हात कधी धरला नव्हता. त्या दिवशी मोरा येईपर्यंत सोडला नाही.

पुढे वाशीच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, आणि यावर फारसं औषध नाही, हेही. आईने दाराला अगदी वर, त्यांना चटकन दिसणार नाही अशी कडी बसवून घेतली. "मला कोंडता काय?" म्हणून बाबा आरडाओरडा करत, तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडायची. उन्हाळ्यात मामी पुन्हा आली, पण या वेळी फिरायला नाही. आईला थोडे दिवस तरी झोप मिळावी म्हणून.