धातूला घाम फुटतो तेव्हा

साकुएंनी रुमालाची गाठ सोडून नवऱ्याची अंगठी समोर ठेवली आणि त्या दिवसापासून चिझुरूच्या घशाखाली घास उतरेना.

साकुए ओगाच्या किनाऱ्यावरच्या, कोळ्याच्या घरातल्या. नवरा मासेमारीला गेला तो परतला नाही. नुसती होडी सापडली. जाळ्यात अंगठी अडकली तर बोटच जातं, म्हणून तो निघताना ती काढून देवाच्या फळीवर ठेवायचा. तेवढी ती घरी राहिली होती. आता मुलीचं लग्न ठरलं होतं आणि बापाचं सोनं मुलीच्या नि जावयाच्या, दोघांच्याही अंगठीत यावं एवढीच साकुएंची इच्छा होती.

"तुमच्याकडे दिलं. आता मला घोर नाही," असं म्हणून त्या बसने परत गेल्या. घोर चिझुरूच्या वाट्याला आला.

जपानच्या अकितात हे मोकुमेचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. चांदी, तांबं, रंगाच्या काढ्यात काळं पडणारं ‘काळं तांबं’, सोनं यांच्या पातळ पत्र्यांची एकावर एक रास रचायची, डाक न लावता नुसत्या आचेवर एकजीव करायची, मग कोरून आणि ठोकून सपाट केली की लाकडाच्या रेषांसारखी नक्षी उमटते. नवरा-बायकोच्या अंगठ्या एकाच पत्र्यातून कापायची रीत. पण सगळा जीव त्या आचेत. थर एकमेकांना धरतात ती घडी आणि सगळं वितळून लगदा होतो ती घडी, यांत एका श्वासाचं अंतर. धरायची वेळ आली की कडांवर ओलसर चकाकी येते. कारागीर म्हणतात, घाम फुटला. तो डोळ्यांनीच ओळखायचा.

आणि भट्टी सांभाळणाऱ्या तोकुजींना, म्हणजे चिझुरूच्या सासऱ्यांना, नीट दिसत नव्हतं.

हे घरात कुणी बोललं नव्हतं. चहा कपाच्या कडेवरून सांडायचा, ते फडकं फिरवायचे आणि कपाला नावं ठेवायचे. शरदात एक रास वितळून गेली, पाठोपाठ दुसरी धरलीच नाही. कोळसा ओला होता, असं त्यांनी सांगितलं. कोळसा चिझुरूनेच वाळवला होता. तिचा नवरा नोबुहिको दुधाच्या डेअरीत कामाला. त्याने कधी हातोडी धरली नाही, म्हणून सासऱ्यांनी सुनेला शिकवलं: छिन्नी, ऐरण, रंगाचा काढा, सगळं. भट्टीचा चिमटा मात्र कधी तिच्या हातात दिला नाही.

"डोळ्यांचं तूच सांग त्यांना," नोबुहिको म्हणाला. "मी तोंड उघडलं तर म्हणतील, तू दुधाचं बघ."

तिलाही सांगवेना. मागच्या दोन राशींतलं सोनं बाजारचं होतं, पुन्हा आणता आलं. हे सोनं कुठून आणणार? अंगठी लाटून तिचा पत्रा केला तेव्हा तो कागदासारखा झाला, आणि तो एवढाच होता. थर साफ करताना बोटाचा चिकटपणा लागला तर ते धरणार नाहीत या भीतीने ती पुन्हापुन्हा हात धूत राहिली.

भट्टीच्या दिवशी सकाळी खिडक्यांची दारं ओढून अंधार केला; उजेडात आचेचा रंग कळत नाही. लोखंडी पट्ट्यांत आवळलेली रास निखाऱ्यांत गेली. तोकुजी चिमटा धरून इतके वाकले की भुवया होरपळतील असं तिला वाटलं. लाल चढलं, मग केशरी. तेवढ्यात चांदीची कड ओली झाली.

"बाबा, घाम फुटला."

"अजून नाही."

चकाकी कडेकडेने पसरत होती. आता थांबलं तर गेलं. चिझुरूने त्यांच्या हातातून चिमटा ओढून घेतला आणि रास बाहेर काढून विटेवर ठेवली.

तोकुजींचा हात तसाच पुढे राहिला.

"चारी बाजूंनी फुटला होता?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"मला नुसतं लाल दिसत होतं. मागच्या हिवाळ्यापासून असंच दिसतंय. आधी बोलायला हवं होतंस."

"तुम्हीही, बाबा."

आपली घाई तर झाली नसेल ना, या विचाराने चिझुरू कासावीस झाली. ती ठोकत असताना हातोडीखाली चर्र असा आवाज आला आणि तिने हातोडी बाजूला ठेवली. तोकुजींनी निवलेला तुकडा मागून घेतला, कडेवरून नख फिरवत नेलं आणि एका जागी थांबले. "इथपर्यंत सुटलंय. हे काप. पुढचं पक्कं आहे."

कापल्यावर पट्टी इतकी अरुंद उरली की ठरल्यापेक्षा बारीक अंगठ्या निघणार होत्या. ओगाला फोन लावताना चिझुरूने दोनदा रिसीव्हर खाली ठेवला. शेवटी काय झालं ते सरळ सांगून टाकलं.

"ह्यांचं सोनं दोन्हींत आहे ना?" साकुएंनी विचारलं.

"आहे. दोन्हींत."

"मग बारीक असू दे. पोरगी मासे साफ करते, जाड अंगठी तिला अडलीच असती. आणि कापलेला तुकडा टाकू नका हं."

पट्टी गोल वळवताना चिझुरू प्रत्येक ठोक्याला थांबून थर बघत होती. एकही उघडला नाही. रंग सारखा चढावा म्हणून किसलेल्या मुळ्याच्या रसात बुडवून अंगठ्या रंगाच्या काढ्यात सोडल्या. तांबं लाल झालं, काळं तांबं काळं झालं आणि त्यांच्यामधून सोन्याची एक बारीक रेघ वळणं घेत गेली. तोकुजींनी ती कशी दिसते ते तिला दोनदा सांगायला लावलं.

त्याच आठवड्यात ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला तयार झाले. लग्न वसंतात झालं. साकुएंनी खारवलेले मासे पाठवले, तुकडा मात्र स्वतः येऊन घेऊन गेल्या. ऑपरेशननंतर तोकुजींना एका डोळ्याने बरंच दिसू लागलं. तरी पुढची रास लावली तेव्हा ते कोळसे फोडत बाजूला बसले आणि चिमटा त्यांनी चिझुरूच्याच हाती राहू दिला. त्या राशीचे थर धरले नाहीत. दोघांनी ती उसवली, घासली आणि पुन्हा रचायला घेतली.