थांबलेला वळू

कंटेनरचं झाकण उघडण्याआधी मॅडम त्यावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायच्या आणि हळूच विचारायच्या, "येऊ का?"

आत होता एक डांगी जातीचा वळू. म्हणजे त्याचं वीर्य, बारीक कांड्यांत भरून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेलं. वळू स्वतः मी नाशिकला येण्याआधीच मेला होता.

मी उदगीरकडचा. सातवीत शाळा सुटली. फिरत फिरत इथल्या एका पशुसंशोधन केंद्राच्या गोठ्यावर लागलो. मॅडम कळवणच्या, याच केंद्रात पीएच.डी. करत होत्या. वयानं माझ्याहून कितीतरी लहान, मला मामा म्हणायच्या. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मेला ना तो वळू?" तर ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, "मेला नाही मामा. थांबलाय."

हे त्या इतकं सरळ सांगायच्या की अंगावर काटा यायचा. "त्याला छत्री आवडत नाही," असं बोलायच्या, जणू तो शेजारीच बांधलाय. मी मनात हसायचो. मग त्याच्या कांडीतून एक वासरू झालं. सहा दिवसांचं असेल, मी पावसात छत्री उघडून गोठ्यात शिरलो. बाकीची वासरं तशीच उभी. हे एकटं भिंतीला अंग लावून थरथरत छत्रीकडे बघत राहिलं. बापाला त्यानं पाहिलेलं नाही, छत्रीही नाही. मॅडम दारातूनच म्हणाल्या, "बघा. सांगितलं होतं ना?"

तुम्ही कधी असा कंटेनर उघडताना पाहिलाय? पांढरी वाफ निघते, पण वर जात नाही. काठावरून ओघळते आणि फरशीवर सरपटत आपल्या पायांशी येते.

मॅडमनी एकदा मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. मी म्हटलं, "मला सातवीवाल्याला काय कळणार?"

"डोळे आहेत ना? मग बसा."

बघतो तर वारूळ फुटल्यागत ठिपके नुसते पळत होते. मेलेल्या जनावराची ती घाई बघून त्या दुपारी मला भाकरी गेली नाही. पण त्या खुर्चीवर मला तोवर कुणी बसवलंही नव्हतं.

अशा अकरा कांड्या उरल्या होत्या. मॅडमची सगळी पदवी त्या अकरांवर टेकलेली.

नायट्रोजन हळूहळू उडून जातो, म्हणून दर सोमवारी माप घेणं माझ्याकडे. लाकडी पट्टी आत बुडवायची, काढून हवेत हलवायची. जिथवर पांढरा बर्फ धरेल तिथवर नायट्रोजन. कंटेनर दोन होते, वळू दुसऱ्यात. पहिल्याचा बर्फ पुसल्याशिवाय पट्टी दुसऱ्यात घालायची नाही, हे मॅडमनी मला तीनदा बजावलं होतं. त्या सोमवारी घरून फोन आला, आईला दवाखान्यात नेलं होतं. मी पट्टी न पुसताच दुसऱ्यात घातली आणि पहिल्याचा बर्फ दुसऱ्याचा म्हणून वहीत लिहिला. दुसरा तर तळाला लागला होता.

गुरुवारी मॅडमनी टकटक केली, विचारलं, झाकण उघडलं.

वाफ आली नाही.

त्यांनी उघडी बोटं आत सोडली. भरल्या कंटेनरमध्ये असं कुणी करत नाही. "मामा," कळवणचं बोलणं बाहेर आलं, "आत काहीच नाय हो."

तरी एक कांडी त्यांनी काचेवर घेतली. बराच वेळ बघत बसल्या. मग उठून मला बसवलं. ठिपके तेच. एकही हलत नव्हता. मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळात बघून वहीत वेळ लिहिली आणि म्हणाल्या, "आज गेला."

तेवढ्यात गोठ्यातून ते वासरू हंबरलं. आवाज इतका खोल, की मोठं जनावर सुटलं म्हणून मी धावलो. वासरूच होतं. प्रयोगशाळेच्या खिडकीकडे तोंड करून उभं.

संध्याकाळी मॅडमच्या मार्गदर्शक सरांनी विचारलं, "माप कुणी घेतलं?" नोकरी गेली तर आईचं औषध कुठून आणणार होतो?

मॅडम म्हणाल्या, "सर, पट्टी पुसायची असते हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं."

मी गप्प राहिलो. ती चूक पहिलीपेक्षा मोठी.

तीन वर्षांचं काम पाण्यात गेलं. सरांनी नवा विषय घ्या म्हटलं, घरच्यांनी पुरे म्हटलं. मॅडमनी घरच्यांचं ऐकलं. त्यांची बॅग घेऊन मी जुन्या सीबीएस बसस्टँडला गेलो. कळवणची गाडी लागली, त्या खिडकीशी बसल्या, तेव्हा कुठं माझ्या तोंडून निघालं, "मॅडम, तुम्ही मला तीनदा सांगितलं होतं."

"चारदा, मामा," त्या म्हणाल्या. हसल्याही थोड्या. "आईला जपा."

त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. सोमवारी त्या खोलीत मी एकटाच असतो. पट्टी पुसायला लागलो की मागे कुणीतरी येऊन उभं राहतं, अगदी खांद्याजवळ, आणि माझं पुसून होईपर्यंत हलत नाही. मी वळून बघत नाही. वळलो आणि कुणीच नसलं तर?