रसूलचाचांचं ‘चालंल’

परंड्यात कडबाकुट्टीच्या पात्याला धार लावावी ती रसूलचाचांनीच. तोंड भारी फटकळ, पण एकदा ‘चालंल’ म्हणाले की माणूस निर्धास्त. त्याच शब्दाची यंदा पंचाईत झाली.

त्याचं असं झालं. धाराशिवची हर्षाली पोलादी पात्यांवर टणक सोनेरी थर चढवते. बंद भट्टीत तो रसायनांच्या वाफेतनं बसतो. पहिल्या खेपेला थराचे पापुद्रे निघाले. ती चाचांकडं आली. चाचा म्हणाले, “लोणचं घातल्या घातल्या खातेस व्हय? मुरू दे की जरा!”

पोरीनं ऐकलं, पाती भट्टीत जास्त वेळ ठेवली. दुसऱ्या खेपेचा थर कानशीनंही निघेना. चाचांनी छातीठोकपणे ‘चालंल’ म्हणून ती पाती गावातल्या बब्रुवानच्या गोठ्यावर दिली.

आठ दिवसांत बब्रुवान हजर. सोनेरी थर जागच्या जागी, धार मात्र दुमडलेली. आता बोला! “चाचा, तुमच्या शब्दावर घेतली होती,” एवढंच म्हणाला. चाचांना भाकर गोड लागेना. पातं धारेच्या चाकावर धरलं, तर कसदार पोलादाच्या ठिणग्यांना फुटतात तशी फुलंच नाहीत. पोलादातला दम गेला होता.

सकाळच्या एसटीनं ते धाराशिवला गेले. “बेटा, चूक माझी हाय. मुरू दे म्हणणारा म्याच.”

“न्हाय चाचा,” हर्षाली म्हणाली, “तुमचं बरोबरच होतं. तापलं की पोलादातला कार्बन थरात शिरतो. थोडा शिरला तर थर आणि पोलाद एकमेकांना घट्ट धरतात. मी लई वेळ भट्टी चालू ठेवली, हे मागनं माझ्या ध्यानात आलं. कार्बन नको तेवढा वर गेला, खालचं पोलाद मऊ पडलं. किती मुरवायचं, हे तुम्हाला विचारलंच न्हाय मी.”

तिनं कमी वेळ मुरवलेलं नवं पातं पुढं केलं. चाचांनी ते तिथल्या चाकावर धरलं. ठिणग्यांना टपोरी फुलं फुटली!

भट्टीशेजारी कागद डकवला होता. चाचांनी एकेक अक्षर लावत वाचलं: ‘मुरण – पाऊण तास.’

“हा तर माझा शब्द!”

“तुमचाच. इथं सगळे आता हेच म्हणतात.”

चाचांनी कागदावरनं बोट फिरवलं. “चाळीस वर्षं लोकांनी पाती दिली, बेटा. इचारलं कुणीच न्हाय. तू इचारलंस. लई उपकार झाले.”

संध्याकाळी बब्रुवानच्या गोठ्यावर जाऊन त्यांनी नवं पातं त्याच्या हातात ठेवलं.

“चालंल?” बब्रुवाननं विचारलं.

“चालंल.”

बब्रुवाननं पातं उलटूनसुद्धा पाहिलं नाही, सरळ यंत्राला बसवलं.