मानकऱ्यांची यादी

गेली अठरा वर्षं आमच्या गावच्या जत्रेची पत्रिका माझ्या कॉम्प्युटरवर व्हायची. डिचोलीतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात तो अर्धं टेबल अडवून बसलेला आहे. त्यातला मराठी फॉन्ट दुसऱ्या कुठल्याच मशीनवर धड उघडत नाही, आणि याचाही मला अभिमान होता. यंदा देवस्थानच्या कमिटीने ते काम माझ्या धाकट्या जावेला दिलं.

ती इथल्याच किनाऱ्याकडच्या चोपड्याची, लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. तिच्याकडे कॉम्प्युटर नाहीच. सगळं मोबाइलवर, ब्राउझरमध्ये. चहात उंडा पाव बुडवता बुडवता तिने पत्रिका उभी केली, पालखीच्या चित्रासकट. सासरे येईल त्याला ती दाखवत होते. माझ्या अठरा पत्रिका त्यांनी कधी कोणाला दाखवल्या नव्हत्या. मी जळत होते, दुसरा शब्द नाही त्याला.

तपासायला म्हणून तिने मला लिंक पाठवली. दुपारी दुकानात मी ती उघडली आणि चूक शोधायलाच बसले. सापडली. मानकऱ्यांची नावं तिने एका तक्त्यात भरली होती आणि तो तक्ता अकारविल्हे लागून गेला होता. आमच्याकडे ही नावं मानाच्या क्रमाने लागतात. ज्या घराला देवाचा पहिला नारळ मिळतो, ते घर पहिलं. ते अकराव्या ओळीत गेलं होतं. नव्या सुनेला हे कोण सांगणार? मीच. मी लिंक बंद केली. जेवून आल्यावर पुन्हा उघडली, चूक जागेवर आहे याची खात्री केली आणि छान झाल्याचं तिला कळवलं.

संध्याकाळी पत्रिकेची लिंक गावाच्या ग्रुपवर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या पहिल्या घरातले म्हातारे मानकरी आमच्याकडे आले. आवाज न चढवता म्हणाले, की यंदा पहिला नारळ यादीतल्या पहिल्या नावालाच द्या, आम्ही नुसते दर्शनाला येऊन जाऊ. सासऱ्यांची मान खाली गेली. जावेचा चेहरा उतरला, आणि मला आतून गार वाटलं.

ते फार टिकलं नाही. तिने त्यांची माफी मागितली आणि त्यांच्याच शेजारी बसून, त्यांना विचारत विचारत, एकेक नाव जागेवर नेलं. त्याच लिंकवर साऱ्या गावाला नवी यादी दिसू लागली. ही चूक माझ्याकडे झाली असती तर छापलेले गठ्ठे रद्दीत गेले असते. म्हातारे चहा पिऊन गेले.

मग ती स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली, मोबाइल हातातच.

"वयनी, काल तुमी दोनदा उघडलात ती. माका हय दिसता, कोणी उघडल्यान ता," ती हळूच म्हणाली. "माका वाटला, तुमी बगलात म्हणजे बरोबरच आसतला."

माझ्या कॉम्प्युटरवर मी काय उघडलं, किती वेळ पाहत बसले, हे आजवर कोणालाच दिसलं नव्हतं. मी कढईतलं ढवळत राहिले.

तिने हे घरात कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. तिच्या जागी मी असते तर माझ्या तोंडून राहिलं नसतं. त्याचाही मला हेवाच वाटला.