रेघेपुढची जागा

आमचे आबा रंगमंचावर मरण्यात पटाईत. जळगाव, धुळे, कुठंही नाटक लागो, लोक शेवटचा अंक पाहायलाच यायचे. डावा हात छातीवर ठेवून आबा खोकायचे, मग कोसळायचे. बायका पदर तोंडाला लावून रडायच्या. घरी आले की आई त्यांना दारातच थांबवायची आणि मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकायची. ठसका लागला की म्हणायची, "चला, काही लागलं नाही." ठसका आला नाही, तर मात्र नजर लागली म्हणून घाबरून जायची. मी हसायचे तिला.

आई गेली. पुढं आबांचं खुब्याचं हाड मोडलं, तसं भावानं त्यांना धुळ्याला नेलं. भडगावच्या घराला कुलूप लागलं आणि गाव धरूनच चाललं, की आबा आता काही परत येत नाहीत. नाटकवेड्या मंडळींनी घरावर आबांच्या नावाची पाटी लावायचं ठरवलं. ते ऐकून आबांनी काठी आपटली. "मी घरी चाललो. पडदा मीच उघडणार." डॉक्टर नको म्हणत होते, पण ऐकतो कोण! मीच मग सोबतीला येऊन राहिले.

पडदा उघडला, टाळ्या पडल्या. संगमरवरावर आबांचं नाव, खाली जन्माचं साल, पुढं आडवी रेघ, आणि रेघेपुढं चार बोटं कोरी जागा. वर झेंडूचा हार, गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात तसा.

दगड कोरणारा कारागीर मोठ्या कौतुकानं माझ्याजवळ आला. "जागा सोडेल शे अक्का. मंग नवा दगड नको." मनानं वाईट नाही हो तो. पण मेल्याच्या एक कानाखाली द्यावीशी वाटली. तेव्हापासून बाजारात भेटला की विचारतो, "आबानी तब्येत कशी शे?" आणि माझं लक्ष त्याच्या हातांकडं जातं.

आबा हसण्यावारी न्यायचे. "मरायची सवय आहे गं मला." रोज सकाळी पाटीखाली खुर्ची टाकून बसायचे, जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारायचे. पण चहा कपातच राहायला लागला. भाकरी अर्धी झाली, मग चतकोर.

परवा कॉलेजची मुलं पाटीचे फोटो काढायला आली. त्यांतली एक पोरगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "आजोबा, जरा बाजूला होता का? मध्ये येताय तुम्ही."

मी आतून ओरडणार, तोवर आबा उठलेसुद्धा. जन्मभर रंगमंचाच्या मधोमध उभा राहिलेला माणूस मुकाट्यानं काठी टेकत आत आला आणि भिंतीकडं तोंड करून कॉटवर पडला. खुर्ची मी आत आणून ठेवली.

मला काही राहवेना. मीठ-मिरच्या घेतल्या, आबांवरून उतरवल्या, गॅसवरच्या तव्यात टाकल्या. मिरच्या काळ्या पडल्या, धूर वर गेला. मी वाट पाहत उभी. नाक चुरचुरेना, डोळ्यांत पाणी येईना. आईला हसणारी मी, तव्यावर वाकून श्वास ओढायला लागले.

तेवढ्यात मागून आबा खोकले. चांगले दम लागेपर्यंत खोकले.

"काय गं बाई हा ठसका! काही लागलेलं नाही मला. बंद कर तो गॅस."

मी गॅस बंद केला आणि वळून पाहिलं. आबांचा डावा हात छातीवर होता.